दोन पेडलांची गाडी

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे आणि माझ्यात दोनच पेडलं आहेत. एक ब्रेकचं आणि एक ॲक्सिलरेटरचं. तिसरं, म्हणजे क्लचचं, तुटून पडलं असं समजू नका. ते माझ्यात कधी नव्हतंच. माझे गिअर मीच बदलते. आता अशा गाड्या गल्लोगल्ली दिसतात, पण माझ्या तरुणपणी लोक मला बघायला थांबत, खिडकीतून आत डोकावत आणि विचारत, "मग डाव्या पायाने करायचं काय?"

माझा जन्म झाला त्या कारखान्याचं मला फारसं काही आठवत नाही. पत्र्यांचा खणखणाट आठवतो, ओल्या रंगाचा वास आठवतो आणि माझी काच पुसून पुढच्या माणसाला हाक देणारी एक बाई आठवते. "ही झाली रे, ढकल पुढे!" एवढ्या एका वाक्यावर मी जगात आले.

पहिल्यांदा मला एका निवृत्त न्यायाधीशांनी घेतलं. ते मला आठवड्यातून एकदा बाहेर काढत, कोपऱ्यापर्यंत नेत आणि परत आणून झाकून ठेवत. सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा त्यांनी कधी काढलं नाही. आल्यागेल्याला ते मला दाखवत, माझं तोंडभरून कौतुक करत. कौतुक उदंड, काम काहीच नाही, अशी माझी पहिली काही वर्षं गेली. त्यांच्या पश्चात मुलांनी मला विकायला काढलं, तर कोणी घेईना. "दिसायला छान आहे हो, पण असला गिअरबॉक्स बिघडला तर हात कोण लावणार?" असं म्हणून माणसं चहा पिऊन निघून जात.

मग एक दिवस ग्रीसने काळी झालेली नखं असलेला एक माणूस आला. हा गॅरेजवाला. त्याने माझ्याकडे फार वेळ पाहिलंसुद्धा नाही. बॉनेट उघडलं, गिअरबॉक्सच्या ऑइलची पट्टी ओढून काढली, दोन बोटांवर ऑइल चोळून त्याचा रंग पाहिला, वास घेतला आणि मागे वळून हाक मारली, "ताई, ये. बस हिच्यात."

त्याची ताई फाटकातून हळूहळू आली. तिच्या हातात काठी होती. लहानपणीच्या आजारात तिचा डावा पाय बारीक आणि अशक्त राहिला होता. ती गुरांची डॉक्टर होती. टेकडीपलीकडच्या गोठ्यांवर, वाड्यावस्त्यांवर तिला रोज जावं लागे, आणि तोवर ती कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून, नाहीतर भावाच्या पिकअपमधून जात असे. गायीला कळा सुरू झाल्या तरी आधी भाऊ मोकळा आहे का ते बघावं लागायचं.

ती माझ्यात बसली. दोन पेडलं पाहिली, खात्री करायला वाकून पुन्हा पाहिली.

"डाव्या पायाला खरंच काही काम नाही?"

"काही म्हणजे काही नाही."

"मग बसू दे त्याला आरामात," ती म्हणाली. "पन्नाशी जवळ आली, बिचाऱ्याला पहिल्यांदाच सुट्टी मिळतेय."

त्या दिवशी माझ्या सीटवरचं प्लॅस्टिक निघालं आणि माझं खरं आयुष्य सुरू झालं. भावाने तिला मोकळ्या मैदानावर गाडी शिकवली. ती घाबरली नाही, पण तो मात्र शेजारच्या सीटवर बसून दोन्ही पाय खाली रोवून ब्रेक दाबत होता, जिथे ब्रेकच नव्हता.

पुढची वर्षं आमची धावपळीत गेली. माझ्या डिकीत औषधांची पेटी, दोर, बादली आणि साबण कायमचे मुक्कामाला आले. गवताच्या काड्या माझ्या फटीफटीतून शिरल्या आणि शेणाचा वास काही केल्या जाईना. मागच्या सीटवर कधी पाय मोडलेला कुत्रा, कधी आई दूध पाजेना असं करडू, कधी तापलेलं वासरू. न्यायाधीशांनी मला ओळखलंच नसतं. मला मात्र वाटायचं, गाडी म्हणून जन्माला आले ते याचसाठी.

आता जे घडलं ते सांगण्यापूर्वी माझ्या पोटातली एक गोष्ट तुम्हाला समजावून सांगायला हवी. अवघड नाही. माझ्या गिअरबॉक्समध्ये पातळ चकत्या आहेत, त्यांना प्लेटा म्हणतात. ऑइलच्या दाबाने त्या एकमेकींना घट्ट धरतात, तेव्हा इंजिनाचं बळ चाकांपर्यंत पोहोचतं. कधी कुठला गिअर टाकायचा आणि किती जोराने धरायचं, हे मला कळावं म्हणून ॲक्सिलरेटरपासून गिअरबॉक्सपर्यंत एक बारीक केबल गेलेली आहे. चालवणाऱ्याने पाय हलका ठेवला की केबल थोडी ओढली जाते आणि मी लवकर वरचा गिअर टाकते. पाय जोरात दाबला की केबल जास्त ओढली जाते. मग मला कळतं की चढ आहे किंवा घाई आहे, आणि मी खालचा गिअर धरून ठेवते, प्लेटा आवळून धरते. केबल ठरल्यापेक्षा ताणली तर गिअर उशिरा आणि धाडकन पडतात. ढिली झाली तर लवकर आणि अलगद पडतात. अलगद हा शब्द ऐकायला गोड आहे, पण तिथेच सगळी गोम होती.

एकदा ताईने पोटाला टाके घातलेली एक शेळी मागच्या सीटवर घेतली होती. मी पहिल्यावरून दुसऱ्यावर गेले, नेहमीसारखा छोटा हिसका बसला आणि शेळी ओरडली. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर गेले, पुन्हा ओरडली. रस्ताभर हेच. त्याच संध्याकाळी ताईने मला गॅरेजसमोर उभं केलं.

"हिचे गिअर मऊ कर. मागे आजारी जीव असतात, त्यांना धक्का सोसत नाही."

भाऊ म्हणाला, "ताई, तेवढा धक्का हवाच. केबल ढिली केली तर आतला दाब कमी होतो. प्लेटा घसरतात."

"थोडीशी कर रे. माझ्यासाठी."

भाऊ डोकं खाजवत उभा राहिला. मग त्याने पाना घेतला, केबलचे दोन नट सैल केले आणि ती थोडी ढिली सोडली. दुसऱ्या दिवशी ताई खुशीत परत आली. "अगदी लोण्यातून सुरी गेल्यासारखे पडतात गिअर. अजून थोडी कर." त्याने अजून थोडी केली.

मित्रांनो, त्यानंतरचं वर्ष माझ्या कौतुकाचं वर्ष होतं. माझ्यात बसलेला प्रत्येक जण म्हणे, "वा, गाडी आहे की पाळणा!" ताई अभिमानाने हसायची. शेळ्या ओरडायच्या थांबल्या, कुत्री झोपी जायची. आणि आत माझ्या प्लेटा घट्ट न धरता एकमेकींवर घासत होत्या, तापत होत्या, झिजत होत्या. माझं ऑइल लालाचं तपकिरी झालं, तपकिरीचं काळं झालं. आयुष्यात सगळ्यात जास्त शाबासकी मिळाली त्या दिवसांतच मी आतून जळत होते. आणि बोलायला मला तोंड नव्हतं. चढावर इंजिन थोडं जास्त गुरगुरायचं, एवढीच काय ती माझी भाषा. ती कोणी ऐकली नाही, कारण सगळे माझ्या मऊपणावर खूश होते.

एका सकाळी टेकडीवरच्या गोठ्यातून निरोप आला. गाय अडली होती. वासराचा एकच पाय बाहेर आला होता. ताईने काठी आत टाकली आणि निघाली. घाई होती, चढ होता, तिने पाय दाबला. इंजिन मोठ्याने ओरडलं, पण चाकांपर्यंत काही पोहोचेना. मी कळवळून प्लेटा आवळायला पाहिलं, पण आवळायला काही उरलंच नव्हतं. जळक्या ऑइलचा वास आत भरला. ताईने गिअरचा दांडा खालच्या गिअरवर ओढला. मी थोडी सरकले, मग थोडी अजून, आणि तिसऱ्या वळणाच्या अलीकडेच थांबले.

तिने मला कडेला घेतलं, हँडब्रेक ओढला. माझ्या स्टिअरिंगवर एकदा हात ठेवला. मग पेटी खांद्याला लावली, काठी घेतली आणि चढ चढू लागली. वळणाआड जाईपर्यंत मी तिला पाहत होते. डावा पाय ती दर पावलाला ओढत होती.

दुपार उलटल्यावर दुधाच्या गाडीवाल्याने तिला परत आणून सोडलं. वाटेत तिला बघून त्यानेच वर नेलं होतं, पण तोवर बराच वेळ गेला होता. ती माझ्यात येऊन बसली. बाह्यांवर वाळलेलं रक्त होतं. थोड्या वेळाने भाऊ दोर घेऊन पिकअपमधून आला आणि खिडकीशी वाकला.

"काय झालं गं?"

"गाय वाचली," ती म्हणाली. "वासरू गेलं. थोडं आधी पोहोचले असते तर..." त्याने मला दोर बांधला.

गॅरेजमध्ये त्याने माझा गिअरबॉक्स खाली उतरवला, उघडला, आणि कोळशासारख्या काळ्या झालेल्या प्लेटा हातात घेऊन कितीतरी वेळ नुसता बसून राहिला. मग सगळे भाग धुतले, पुसले, कागदावर नीट मांडले. नवीन प्लेटा मागवल्या. आता मी बरी होणार, असं मला वाटलं.

प्लेटांचं खोकं आलं. भावाने ते उघडून पाहिलं, पुन्हा बंद केलं, वरच्या फळीवर ठेवलं आणि त्यावर एक जुनं पोतं टाकलं. मला ताडपत्रीने झाकलं. संध्याकाळी ताईचा फोन आला तेव्हा मी त्याला बोलताना ऐकलं, "नाही गं, पार्ट मिळत नाहीत. जुनी गाडी आहे ना. तू काळजी करू नकोस, मी आहे की न्यायला-आणायला."

तो तिला न्यायचा, हे खरं. पण गॅरेजवर गिऱ्हाईक असलं की ताई ताटकळायची. मग गोठेवाले म्हणू लागले, "बाईंना कशाला त्रास?" आणि दुसऱ्या डॉक्टरला बोलवू लागले. हे मला ताडपत्रीखाली राहून कळत होतं, कारण भाऊ गिऱ्हाइकांना सांगायचा, "गोठेवाले आता दुसऱ्या डॉक्टरला बोलावतात. ताईला जरा आराम मिळतोय." सांगताना त्याचा आवाज मात्र आराम वाटल्यासारखा नसायचा. एक मांजर माझ्या टपावर झोपायला येऊ लागली. टायरमधली हवा उतरली. पूर्वी मला झाकून ठेवत तेव्हा निदान कोणी पाहायला तरी येई.

एका दुपारी काठीचा आवाज आला. ताई कोणाच्यातरी ट्रॅक्टरवर बसून आली होती. तिने ताडपत्रीचं टोक उचललं, मांजरीला हाकललं आणि थेट विचारलं, "पार्ट आले का?"

भावाला फोनवर खोटं बोलता यायचं, समोर नाही. त्याची नजर फळीकडे गेली. ताईची नजर त्याच्या मागोमाग गेली. तिने काठीच्या टोकाने पोतं खाली पाडलं.

"कधी आले?"

"झाले बरेच दिवस."

"मग बसवले का नाहीस?"

तो चिंधीने हात पुसत राहिला. हात स्वच्छच होते. "ताई, त्या दिवशी तू एकटी चढ चढत गेलीस. दुधवाल्याने मला सांगितलं, तू दोनदा खाली बसली होतीस. मी केबल ढिली केली म्हणून. तुला काही झालं असतं म्हणजे? मी लहानपणापासून तुला सांभाळत आलो. शाळेत तुझं दप्तर मी उचलायचो—"

"मला ते अजिबात आवडायचं नाही."

"काय?"

"माझं दप्तर मला उचलता यायचं. पण तुला इतका आनंद व्हायचा की मी गप्प बसायचे." ती माझ्या बॉनेटला टेकली. "आणि केबलचं म्हणशील तर मागणं माझं होतं. पण एक सांग, दुसऱ्या कुठल्या गिऱ्हाइकाने असं मागितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

"हाकलून दिलं असतं."

"मग मला का नाही हाकललंस?"

"तू ताई आहेस."

"म्हणून मला नाही म्हणायचं नाही? मला धक्का बसू नये म्हणून गाडी जाळलीस. आता मला धक्का बसू नये म्हणून माझं काम बंद पाडतोयस. अरे बाबा, वासराचं दुःख मला आहेच. ते माझ्याजवळ राहू दे. पण पुढच्या गायीकडे मला जायचंय."

मग भावाने खोकं फळीवरून खाली घेतलं, ताडपत्री ओढून काढली आणि म्हणाला, "बस त्या स्टुलावर. आणि मधे मधे बोलू नकोस."

"मी कशाला बोलतेय," ताई म्हणाली, आणि मग संध्याकाळपर्यंत बोलतच राहिली.

नव्या प्लेटा बसल्या. नवं लालभडक ऑइल भरलं. त्यानंतर जे झालं ते मला फार आवडतं, म्हणून सविस्तर सांगते. ताई चालवायला बसली, भाऊ शेजारी, मांडीवर पाने. आधी इंजिन चांगलं गरम होऊ दिलं. मग सपाट, मोकळ्या रस्त्यावर आम्ही निघालो.

"पाय हलका ठेव. बस्स, असाच."

मी दुसरा गिअर टाकला. भाऊ डोळे मिटून ऐकत होता. "लवकर पडला. थांब."

तो उतरला, बॉनेट उघडून केबलचे नट फिरवले, पुन्हा बसला. या वेळी मी गिअर धरून ठेवला. इंजिन ओरडू लागलं आणि मग धाडकन दुसरा गिअर पडला. रस्त्याकडेची एक गाय दचकली.

"आता जास्त ताणली," ताई म्हणाली. "गायसुद्धा सांगतेय."

पुन्हा उतरला, थोडी सैल केली. पुन्हा निघालो. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही, पण हळूहळू माझा आवाज जिथे असायला हवा तिथे येऊ लागला. शेवटी एकदा पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना छोटा, स्पष्ट ठोका बसला. कोणीतरी दारावर एकदाच टकटक करावं तसा.

"जाणवला?" भावाने विचारलं.

"जाणवला."

"एवढा राहणार. याच्या खाली मी जाणार नाही. रडलीस तरी जाणार नाही."

"नको जाऊस," ताई म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "पण आजारी जनावर असेल तेव्हा?"

"मागे गादी टाक. आणि गिअर बदलायच्या वेळी पाय किंचित उचल, बघ. मग मऊ पडेल. मऊपणा तुझ्या पायातून यायला हवा, केबलमधून नाही."

ताईने पाय किंचित उचलला. तिसरा गिअर इतका हळुवार पडला की मलाच कळलं नाही. पण आत माझ्या प्लेटांनी एकमेकींना घट्ट धरलेलं होतं. मित्रांनो, तेवढं समाधान मला कोणाच्या शाबासकीने कधी मिळालं नव्हतं.

त्यानंतर आम्ही पुष्कळ वर्षं टेकडी चढलो. वळणावर माझा आवाज ऐकू आला की वरचे गोठेवाले म्हणायचे, "आली बाईंची गाडी, पाणी गरम करा." काही वासरं वाचली, काही नाही वाचली. भाऊ आता ताईला नाही म्हणायला शिकला होता आणि त्याला त्यात जरा जास्तच गोडी लागली होती. "वायपर बदलून दे" म्हटलं तरी आधी नाही म्हणायचा, मग बदलून द्यायचा.

पुढे ताईच्या मनगटांतली ताकद कमी झाली. अडलेलं वासरू ओढून काढणं जमेना. तेव्हा तिने आपणहून काम थांबवलं आणि माझी किल्ली गुरांच्या दवाखान्यात नव्याने आलेल्या धाकट्या डॉक्टरांच्या हातावर ठेवली. कोणी तिच्याकडून काढून घेतली नाही. जाताना ती म्हणाली, "वास येणारच, सवय करून घ्या." भावाने त्यांना केबल दाखवली. त्यालाही आता कमी ऐकू येतं. तो म्हणाला, "साहेब, ठोका माझ्या कानाला लागत नाही आता. तुम्हीच ऐकायचं."

धाकटे डॉक्टर भले माणूस आहेत. ते मला रोज धुतात, काचा लख्ख पुसतात, आरशाला त्यांनी सुगंधी पुडी टांगली आहे. पण ऑइलची पट्टी त्यांनी अजून एकदाही ओढून पाहिलेली नाही. आणि रेडिओ मोठ्याने लावल्याशिवाय त्यांना गाडी चालवताच येत नाही. माझी केबल वयानुसार लांबली आहे. गिअर पुन्हा लवकर पडू लागले आहेत, ठोका पुसट झाला आहे. ते मित्रांना सांगतात, "जुनी असली तरी काय मऊ चालते!" ते ऐकलं की मला माझ्या कौतुकाचं ते वर्ष आठवतं.

म्हणून मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी जुनी गाडी असेल, पंखा असेल, शिवणयंत्र असेल, तर त्याला पुसा, चकचकीत ठेवा, छानच आहे. पण अधूनमधून त्याच्याजवळ गप्प बसून त्याचा आवाजही ऐका. तक्रार नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं धरून चालू नका. आमच्यापैकी बरेच जण फार हळू बोलतात.

काल टेकडीच्या चढावर इंजिन जरासं गुरगुरलं. धाकट्या डॉक्टरांचा हात रेडिओकडे गेला. मला वाटलं, आता आवाज वाढवणार.

त्यांनी रेडिओ बंद केला, मान थोडी तिरपी केली आणि पाय हळूच उचलला.